थ्री नॉट थ्रीचे साल: अनुक्रमांक आणि ठसे वाचताना

जुनी लष्करी रायफल समोर आली की पहिला प्रश्न सालाचा असतो, आणि उत्तरासाठी नजर आधी अनुक्रमांकाकडे जाते. अनुक्रमांक मुळात साल सांगण्यासाठी घातलेला नसतो. तो हजेरीसाठी असतो. सैन्याकडे एकाच नमुन्याच्या लाखो रायफली असतात. कोणती रायफल कोणाच्या ताब्यात दिली, कोणती दुरुस्तीला गेली, कोणती हरवली याची नोंद कोतच्या, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागाराच्या, रजिस्टरात ठेवायची तर प्रत्येकीला वेगळा नंबर हवा. साल कळावे म्हणून वेगळे ठसे असतात, कारखाना कळावा म्हणून वेगळे, आणि मालकी कळावी म्हणून आणखी वेगळे. हे सगळे एकत्र वाचले तरच रायफलीचे वय सांगता येते. नुसत्या नंबरावरून सांगितलेले साल बहुतेक वेळा अंदाजच असतो.

नंबर घालण्याची पद्धत देशागणिक बदलते आणि तिथेच गोंधळाची सुरुवात होते. अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीचे नंबर स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात एकापुढे एक चढत गेले, त्यामुळे तिथे नंबरावरून साल काढता येते. त्या कारखान्याने ८,००,००० चा आकडा १९१८ मध्ये ओलांडला. हा आकडा संग्राहकांच्या तोंडी असतो, कारण त्याच सुमारास बॉडीच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य भागाच्या, पोलादाला पाणी देण्याची पद्धत बदलली आणि त्याआधीच्या काही बॉडी ठिसूळ निघाल्या होत्या. जर्मनीची रीत अगदी वेगळी. तिथल्या माउझर ९८ के रायफलींचे नंबर दर वर्षी १ पासून सुरू होत. १०,००० झाले की पुन्हा १ पासून, पण पुढे ए हे अक्षर लावून, मग बी, मग सी. एकच नंबर दरसाल आणि प्रत्येक कारखान्यात पुन्हा येणार, म्हणून बॉडीवरचे साल आणि कारखान्याचे सांकेतिक अक्षर यांच्याशिवाय त्या नंबराला काही अर्थ नाही. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक कारखान्याची आपली मालिका होती, नंबराच्या आधी अक्षर लावले जाई, आणि अक्षरे संपली की मालिका पुन्हा फिरे. भारतात ज्या जुन्या लष्करी रायफली आढळतात त्यांतल्या बहुसंख्य या ब्रिटिश घराण्यातल्या, म्हणून पुढचे विवेचन प्रामुख्याने ली-एनफील्डविषयी, म्हणजे थ्री नॉट थ्रीविषयी आहे.

ही रायफल भारतीयांना अनोळखी नाही. दोन महायुद्धांत भारतीय पलटणी तिच्यासह लढल्या, आणि स्वातंत्र्यानंतर सैन्यातून निघाल्यावरही ती पोलिसांच्या खांद्यावर राहिली. २००८ च्या नोव्हेंबरात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला तेव्हा तिथल्या पोलिसांच्या हातातही थ्री नॉट थ्रीच होती. इतक्या दीर्घ नोकरीत रायफल अनेकदा उघडली जाते, तिचे भाग बदलतात, आणि प्रत्येक हात आपली खूण सोडून जातो. साल ठरवण्याचे काम अवघड होते ते याच कारणाने, आणि रंजकही.

वंशावळ थोडक्यात अशी. जेम्स पॅरिस ली याने योजलेला बोल्ट आणि मॅगझीन, आणि विल्यम मेटफर्ड याने आखलेले बॅरलमधले आटे, यांच्या जोडणीतून १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफल आली. धूररहित कॉर्डाइट दारूच्या उष्णतेने मेटफर्डचे उथळ आटे लवकर झिजू लागले. म्हणून १८९५ मध्ये एनफील्डच्या कारखान्यात ठरवलेले खोल आटे स्वीकारले गेले आणि नावात मेटफर्डच्या जागी एनफील्ड आले. घोडदळ आणि पायदळ दोघांनाही चालेल अशी आखूड रायफल १९०२ च्या अखेरीस मंजूर झाली. तिचा सर्वांत गाजलेला नमुना, मार्क ३, हा १९०७ चा. पहिल्या महायुद्धात उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी त्यातले काही भाग गाळून १९१६ च्या आरंभी मार्क ३ स्टार मंजूर झाला. १९२६ मध्ये नावे बदलली आणि त्याच रायफलीला नंबर १ म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धात तिच्या जागी नंबर ४ आली.

वाचनाची सुरुवात बट सॉकेटच्या उजव्या बाजूने करावी. लाकडी बट जिथे पोलादी बॉडीत बसते तो हा पट्टा. बोल्टच्या दांड्याच्या खाली, मुठीशी असतो. आखूड ली-एनफील्डवर इथे वरून खाली चार-पाच ओळी कोरलेल्या असतात. सर्वांत वर मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, मग कारखाना, मग साल, आणि शेवटी नमुना: एस एच टी. एल. ई. ही अक्षरे आणि रोमन आकड्यातला मार्क. स्टार असेल तर आकड्यापुढे छोटी चांदणी. इथले साल म्हणजे बॉडी तयार झाल्याचे साल. संपूर्ण रायफलीचे साल म्हणून जे सांगितले जाते ते हेच, आणि नोंदीत पहिले स्थानही यालाच द्यावे.

राजाची आद्याक्षरे हा सालाचा पहिला ताळा. व्ही. आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया, जिचा मृत्यू जानेवारी १९०१ मध्ये झाला. ई. आर. म्हणजे सातवा एडवर्ड, मे १९१० पर्यंत. जी. आर. म्हणजे पाचवा किंवा सहावा जॉर्ज, १९१० ते १९५२. मधले १९३६ चे काही महिने तेवढे आठव्या एडवर्डचे. भारतात बनलेल्या रायफलींवर जी. आर. आय. असते. शेवटचा आय सम्राट या पदवीचा. आता या अक्षरांची सालाशी आणि नमुन्याशी सांगड घालून पाहावी. आखूड ली-एनफील्ड मंजूर झाली तेव्हा व्हिक्टोरियाला जाऊन जवळपास दोन वर्षे झाली होती, म्हणून व्ही. आर. आणि आखूड रायफलीचा नमुना एकाच पट्ट्यावर दिसले तर तो ठसा सरकारी कारखान्याचा नव्हे, हे लगेच ठरते. वायव्य सरहद्दीवरच्या दर्रा आदमखेल परिसरात लोहारांनी हाताने बनवलेल्या नकलांत अशा विसंगती नेहमी आढळतात. कारागीर निष्णात असत, पण इंग्रजी अक्षरे त्यांच्यासाठी निव्वळ नक्षी होती. त्यामुळे एखादे अक्षर उलटे, एनफील्डच्या स्पेलिंगमधले एखादे अक्षर गायब, मुकुट ओबडधोबड, आणि ओळी वाकड्या. सरकारी ठसा एका घावात, एकसारख्या खोलीने उमटलेला असतो. हाताने कोरलेल्या ठशात रेघांची खोली बदलत राहते, हे भिंगाखाली स्पष्ट दिसते.

कारखान्याच्या नावांपैकी एनफील्ड हा लंडनच्या उत्तरेचा सरकारी कारखाना. बी. एस. ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. एल. एस. ए. म्हणजे लंडन स्मॉल आर्म्स. तिच्या रायफली तुलनेने कमी आढळतात. स्पार्कब्रुक हे नाव दिसले तर रायफल १९०६ च्या आतली, कारण त्या वर्षी तो सरकारी कारखाना बी. एस. ए. ने घेतला. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो इथे १९१३ पासून रायफली बनू लागल्या. बंगालमध्ये हुगळीकाठी इशापूर, ज्याचा ठसा पुढे आर. एफ. आय. असा झाला. पहिल्या महायुद्धात एस. एस. ए. ही नवी कंपनी उभी राहिली आणि १९१८ मध्ये सरकारने ती ताब्यात घेऊन एन. आर. एफ. असे नाव दिले. त्यामुळे या दोन ठशांची सालमर्यादा आपोआपच आखली जाते. बी. एस. ए. च्या काही रायफलींवर मुकुट आणि राजाची अक्षरे मुळीच नसतात. त्या ब्रिटिश सरकारखेरीज इतर गिऱ्हाइकांसाठी बनलेल्या. सयामच्या राजा वजिरावुधने आपल्या वाइल्ड टायगर कोअरसाठी घेतलेल्या रायफलींवर तर वाघाचे मुख आहे.

नमुन्यावरून काय मिळते ते पाहण्यासाठी मार्क ३ आणि मार्क ३ स्टार यांतला फरक हातानेच तपासावा. मार्क ३ मध्ये बॉडीच्या उजव्या बाजूला एक चपटी पोलादी पट्टी असते, तिला कट-ऑफ म्हणतात. ती आत ढकलली की मॅगझीन झाकले जाते आणि शिपाई एकेक काडतूस हाताने भरतो. मॅगझीनमधली दहा काडतुसे अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवायची, ही जुनी शिस्त त्यामागे होती. लाकडाच्या डाव्या अंगाला दूरवरच्या सामूहिक गोळीबारासाठी व्हॉली साइटची तबकडी असे, आणि बटच्या उजव्या बाजूला पितळी चकती, जिच्यावर पलटणीचे नाव आणि हत्यार क्रमांक कोरत. खंदकांच्या लढाईत यांतल्या कशाचाच उपयोग उरला नव्हता, म्हणून उत्पादन सोपे करताना हे भाग गाळले गेले. परंतु जुने सुटे भाग संपेपर्यंत वापरले जात, त्यामुळे स्टार असलेल्या बॉडीत कट-ऑफची खाच दिसणे किंवा १९१६ नंतरच्या बटला चकती असणे यात संशयास्पद काही नाही. भागांवरून नमुना ठरवताना थोडी ढिलाई द्यावीच लागते.

आता अनुक्रमांक. आखूड ली-एनफील्डवर तो बॉडीच्या पुढच्या कड्याच्या उजव्या बाजूला असतो आणि त्याला लागूनच बॅरलवर तोच नंबर पुन्हा असतो. तोच बोल्टच्या दांड्याच्या मागे, बॅकसाइटच्या पानाखाली, नोजकॅपवर आणि लाकडाच्या पुढच्या टोकाखाली. इतक्या ठिकाणी एकच नंबर घालण्यामागे कारण होते. बोल्ट त्या त्या बॉडीत घासून बसवलेला असतो; काडतुसाच्या मागे किती जागा राहते हे त्यावर अवलंबून असते, आणि दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवला तर ती जागा धोकादायक ठरू शकते. साल ठरवताना या नंबरांचे काम वेगळे. सर्व ठिकाणी एकच नंबर असेल तर रायफल कारखान्यातून निघाली त्याच भागांनिशी टिकली असण्याची शक्यता मोठी. एखाद्या ठिकाणचा नंबर आडव्या रेघेने खोडून शेजारी नवा घातला असेल तर तो भाग नंतर आला. आणि सगळेच नंबर ताजे, एकाच ठशाचे आणि एकाच खोलीचे दिसत असतील तर एखाद्या कार्यशाळेत संपूर्ण रायफल नव्याने जुळवली गेली असे समजावे.

बॅरलचे साल स्वतंत्र असते. ते बॅरलच्या बुंध्याशी, लाकडाखाली झाकलेल्या भागावर, दोन आकड्यांत असते. बॅरल झिजणारा भाग आहे. रणांगणावर हजारो गोळ्या झाडलेल्या रायफलीची बॅरल बदलली जाणारच, म्हणून बॉडी १९१७ ची आणि बॅरल १९४० च्या दशकातली हे संयोजन अगदी सर्रास दिसते. एच. व्ही. हा ठसा असेल तर बॅरल आणि साइट १९१० च्या मार्क ७ या टोकदार, वेगवान काडतुसासाठी जुळवलेली आहे. जुन्या रायफलीवर तो नंतर पडलेला ठसा असतो. बॅरलचे साल वाचायचे तर लाकूड उतरवावे लागते, आणि इथे एक इशारा आवश्यक आहे. बट काढण्यासाठी त्यातला लांब बोल्ट फिरवण्याआधी पुढचे लाकूड उतरवलेले असलेच पाहिजे. या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पत्रीत अडकलेले असते. ते तसेच फिरवले तर शंभर वर्षांचे लाकूड मागच्या टोकाला उभे चिरते. संग्रहालयांतल्या कितीतरी रायफलींवर ही चीर दिसते, आणि ती बहुधा युद्धातली नसते. हे काम आर्मररकडूनच करवून घ्यावे.

मालकीच्या खुणा साल सांगत नाहीत, प्रवास सांगतात. ब्रिटिश सरकारी मालाची खूण म्हणजे तीन रेघांचा बाण. बाणाखाली आय म्हणजे भारत सरकारची मालकी. दोन डींच्या मध्ये बाण म्हणजे ऑस्ट्रेलिया, सी च्या पोटात बाण म्हणजे कॅनडा, यू च्या पोटात बाण म्हणजे दक्षिण आफ्रिका, आणि एन व झेड यांच्यामध्ये बाण म्हणजे न्यूझीलंड. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर सरकारने ती रायफल विकून टाकली. विकताना ब्रिटनमध्ये नागरी चाचणी सक्तीची असे, म्हणून अशा रायफलीच्या बॅरलवर नायट्रो प्रूफचा ठसा आणि टनांत दिलेला दाब दिसतो. डी. पी. म्हणजे केवळ कवायतीसाठी. अशी रायफल कधीही झाडू नये. एफ. टी. आर. म्हणजे कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झालेली, आणि त्यापुढे साल असेल तर ते दुरुस्तीचे. मुकुट, दोन आकडे आणि ई अशा उतरंडीतल्या चिमुकल्या खुणा एनफील्डच्या तपासनिसांच्या. प्रत्येक भाग कोणीतरी हातात धरून पाहिला आणि आपल्या नंबराने पास केला, त्याची ती सही.

दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर ४ वर वाचनाची रीत बदलते, कारण उत्पादन पांगले होते. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमधल्या कारखान्यांना नावांऐवजी संकेत दिले गेले; एम हे मध्य इंग्लंडचे, एन उत्तरेचे, एस दक्षिणेचे. एम ४७ सी म्हणजे बी. एस. ए. चा शर्ली कारखाना. एस ५१ म्हणजे हॉलंड अँड हॉलंड, जिथे निवडक रायफलींवर दुर्बिणी बसवून त्या नेमबाजांसाठी तयार केल्या जात. अशा दुर्बिणीच्या रायफलीवर आणखी एक ताळा मिळतो: दुर्बिणीचा नंबर बटच्या मुठीवर कोरलेला असतो आणि रायफलीचा नंबर दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर. दोन्ही जुळले तर जोडी मूळची. कॅनडातल्या लाँग ब्रँच कारखान्याच्या नंबरात मध्ये एल असतो आणि बॉडीवर साल असते. अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीच्या नंबरात सी असतो, चिकोपी फॉल्स या गावाचा, बॉडीवर यू. एस. प्रॉपर्टी असा ठसा असतो, पण साल नसते. म्हणजे या एका ठिकाणी नंबर आणि नमुना यांवरच विसंबावे लागते. लिथगोच्या लाकडावर स्लाझ आणि साल दिसले तर ते लाकूड टेनिस रॅकेटींसाठी प्रसिद्ध असलेल्या स्लाझेंजरने युद्धकाळात पुरवलेले. ते साल फक्त लाकडाचे.

इशापूरच्या रायफलींना भारतीय वाचकाने अधिक वेळ द्यावा. ब्रिटनने नंबर ४ कडे मोहरा वळवला तरी इशापूरने नंबर १ मार्क ३ स्टारच बनवणे चालू ठेवले. स्वातंत्र्यानंतर बट सॉकेटवरचा मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. ही खूण बारीक असते आणि झिजलेल्या रायफलीवर मुकुटासारखीच भासते, म्हणून भिंगाखाली पाहावी. लाकडाच्या पुढच्या भागात आडवा घातलेला एक स्क्रू दिसतो. उष्ण-दमट हवेत लाकूड फाटू नये म्हणून केलेली ही इशापुरी तरतूद; परदेशी बॉडीवर असे लाकूड असेल तर रायफल भारतीय कार्यशाळेतून गेली आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर शस्त्रांची निकड भासली आणि जुन्याच आराखड्यावर ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसाची रायफल अधिक मजबूत पोलादात बनवली गेली: आर. एफ. आय. २ ए, आणि तिच्यापाठोपाठ २ ए १. दोन्हींत फरक बॅकसाइटचा. पहिलीचे माप २,००० मीटरपर्यंत, दुसरीचे ८०० पर्यंत. मॅगझीन चौकोनी दिसते. या रायफलींना युद्धकाळातली थ्री नॉट थ्री म्हणून खपवण्याचा प्रकार परदेशातल्या बाजारात होतो. बट सॉकेटवरचे साल आणि मॅगझीनचा आकार पाहिला की तो उघडा पडतो. पहारेकऱ्यांसाठी आणि दंगलकाबूसाठी जुन्या रायफलींची बॅरल गुळगुळीत करून .४१० ची एकबारी मस्केट बनवण्याचे कामही इशापूरला झाले. तिच्या मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा असतो. बॉडीवरचे साल अर्थातच मूळ रायफलीचे राहते.

काही आकडे साल नसताना सालासारखे दिसतात. संगिनीच्या पात्याच्या बुडाशी मुकुटाखाली १९०७ असे ठळक असते; ते नमुन्याचे साल आहे. संगीन प्रत्यक्ष कधी बनली ते त्याखाली महिना आणि दोन आकडी साल असे लहान अक्षरांत लिहिलेले असते. भारतभरच्या संग्रहांत १९०७ ची संगीन म्हणून नोंदलेल्या बहुसंख्य संगिनी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धातल्या आहेत. नंबर ४ च्या बोल्टहेडवर ०, १, २ किंवा ३ असतो. ते त्याचे माप. बटवर एस, एल किंवा बी असते. ती बटची लांबी: एस आखूड, एल लांब, आणि बी एसहूनही आखूड. भारतीय सैन्यात आणि पोलिसांत बटवर पांढऱ्या रंगाने मोठा आकडा रंगवतात. तो बट नंबर, कोतपुरता, युनिट बदलले की बदलणारा. बॉडी नंबराशी त्याचा संबंध नाही. जुन्या पंचनाम्यांत आणि संग्रहालयांच्या वहीत या दोहोंची अदलाबदल सर्रास झालेली आढळते, आणि ती दुरुस्त केल्याशिवाय कागद आणि वस्तू यांची गाठ पडत नाही. रायफलीसोबत काडतूस सापडले तर त्याचे साल काडतुसापुरतेच. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण के. एफ. अशी बुडाशी असते, वरणगावची ओ. एफ. व्ही.; ती वाचावी, पण रायफलीच्या वयाचा पुरावा म्हणून वापरू नये.

हे सगळे एकत्र कसे बसते ते एका नमुनादाखल रायफलीवर पाहता येईल. समजा, पट्ट्यावर मुकुट, जी. आर., एनफील्ड, १९१७, मार्क ३ स्टार आहे. बॉडीचा नंबर आणि बॅरलचा नंबर जुळतो, पण बॅरलवरच्या नंबराचे ठसे वेगळ्या वळणाचे आहेत, आणि लाकूड उतरवल्यावर बॅरलचे साल ४४ निघते. बोल्टवरचा जुना नंबर खोडून बॉडीचा नंबर घातला आहे. लाकडात इशापुरी स्क्रू आहे, बट सॉकेटवर बाणाखाली आय आहे, बटवर पांढरा ५७. यातून निघणारा निष्कर्ष असा: बॉडी १९१७ ची, एनफील्डची, युद्धकाळातल्या सोप्या नमुन्याची. रायफल भारत सरकारच्या मालकीत होती. १९४४ मध्ये किंवा त्यानंतर भारतीय कार्यशाळेत तिला नवी बॅरल, दुसरा बोल्ट आणि नवे लाकूड मिळाले, आणि मग ती एखाद्या युनिटच्या कोतात ५७ क्रमांकावर होती. ती सॉमच्या लढाईत होती असे यातून म्हणता येणार नाही. सॉमची मुख्य लढाई १९१६ ची, आणि ठसे पलटण सांगत नाहीत. घराण्यात किंवा पलटणीत सांगितली जाणारी कथा खरी असू शकते, पण तिला पुरावा कागदातून शोधावा लागतो.

ली-एनफील्डच्या आधीच्या पिढ्यांनाही हेच सूत्र लागू पडते, फक्त थर कमी असतात. १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड बंदुकीच्या लॉकप्लेटवर टॉवर आणि साल असते. टॉवर म्हणजे ती लंडनच्या टॉवरमध्येच बनली असा अर्थ नाही. त्याच बंदुकी १८६० च्या दशकात मागून भरण्याच्या स्नायडर झाल्या, तेव्हा लॉकप्लेट जुनी आणि ब्रीच नवी असे घडले, आणि लॉकप्लेटवरचे साल स्नायडरच्याही आधीचे दिसते. नेपाळमध्ये बनलेल्या मार्टिनी धाटणीच्या रायफलींवर देवनागरी अक्षरे आणि आकडे असतात. मराठी वाचकाला ते झटकन वाचता येतात, आणि तिथेच फसायला होते: त्यावर साल असेल तर ते शकाचे धरून ७८ मिळवू नयेत. ते विक्रम संवत असते, आणि इसवी सनासाठी ५६ किंवा ५७ वजा करावे लागतात.

तपासणीआधी रायफल रिकामी आहे की नाही हे दोनदा पाहावे: मॅगझीन काढून, बोल्ट उघडून, चेंबरमध्ये बोट घालून. .३०३ ची गणना भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये होते आणि ती १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली येते, म्हणून परवाना किंवा संस्थेची अधिकृत नोंद यांशिवाय तिला हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. ठसे वाचण्यासाठी टॉर्च बाजूने, जवळजवळ समांतर धरावा. समोरून पडलेल्या प्रकाशात उथळ ठसे अदृश्य होतात. तेलकट मळ मऊ ब्रशाने आणि थोड्या तेलाने काढावा. पांढरा खडू हलका घासून पुसला की अक्षरांत पावडर राहते आणि फोटो चांगला येतो. सँडपेपर, तारेचा ब्रश आणि बफिंगचे चाक यांना बंदी हवी. चकचकीत केलेल्या रायफलीवर प्रथम जातात त्या तपासनिसांच्या चिमुकल्या खुणा, आणि एकदा गेल्या की त्या परत मिळत नाहीत. दुरुस्तीनंतर दिलेल्या जाड काळ्या रंगाखाली ठसे बुजलेले असतात. तो रंगही रायफलीच्या इतिहासाचा भाग असल्यामुळे खरवडू नये, बाजूच्या प्रकाशात जितके वाचता येईल तितके वाचावे.

नोंदीत प्रत्येक ठसा आहे तसा, त्याच्या जागेसह उतरवावा: बट सॉकेट उजवी, बॉडीचे कडे, बॅरलचा बुंधा, बोल्ट, बॅकसाइट, नोजकॅप, लाकूड. अस्पष्ट अक्षराच्या जागी टिंब द्यावे, अंदाजाने अक्षर भरू नये. खोडलेला नंबर खोडलेला म्हणूनच लिहावा. शेवटी दोन साले वेगळी द्यावीत: बॉडी तयार झाल्याचे, आणि रायफल ज्या रूपात आज समोर आहे त्या रूपाचे सर्वांत अलीकडचे, म्हणजे तिच्यावरच्या सर्वांत नव्या तारखेच्या भागाचे. वर दिलेल्या उदाहरणात ती १९१७ आणि १९४४ अशी येतील, आणि दुसऱ्या सालापुढे 'किंवा नंतर' हे शब्द लिहिणे बंधनकारक मानावे.